बोटभर

मी फ्रेमवाला. ठाकूरद्वारला, गल्लीच्या तोंडाशी.
दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं
तर मी बाहेर येतो.
माणूस वारला की फ्रेम, पास झाला की फ्रेम,
मधल्या आयुष्याचं काम माझ्याकडे फारसं येत नाही.

म्हणून ते चित्र आलं तेव्हा
मी आधी उलटंच धरलं.

इग्नेशने आणलं होतं जुन्या चादरीत गुंडाळून,
माझगावहून, म्हातारपाखाडीतून, टॅक्सीच्या डिकीत.
"सेराफिना आँटीचं. शाळेत ड्रॉइंग शिकवायची.
नव्या फ्लॅटची भिंत छोटी आहे, अंकल,
उजवीकडून चार इंच कापता येईल का?"

सरळ केलं. झाड होतं.
म्हणजे, तो म्हणाला म्हणून झाड.
बुंधा निळा, आणि असा वळलेला
जसं पिळता पिळता कुणी हाक मारली म्हणून
तसंच टाकून दिलेलं लुगडं.
फांद्या काळ्या, घाईत ओढलेल्या,
त्यांच्यावर विटकरी, गंजल्यासारखे
फटकारेच फटकारे,
रंग इतका जाड की एका ठिकाणी
खरी मुंगी अडकून राहिलेली.
आभाळ हिरवं. जमीन नाहीच.

"कसलं झाड?"
"जाम. अंगणात होतं. पाडलं मग, गाड्या लावायला."
"जामाला पांढरी फुलं येतात."
"आमच्या पण पांढरीच होती."
तो ओशाळला जरा,
आँटीने हिशेबात चूक केल्यासारखा.

जामाचं फूल मला ठाऊक आहे.
आमच्या शाळेमागे होतं.
पाकळ्या नावापुरत्या, बाकी सगळे तंतूच,
दाढीच्या ब्रशासारखे,
आणि सकाळी झाडाखाली पाहावं तर
सलूनमध्ये म्हाताऱ्याचे केस कापल्यासारखा सडा.
त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं.
हे झाड मात्र रागावलेलं होतं.
नसेलही. चित्रातलं मला कळत नाही,
मला काटकोन कळतो.

रात्री जुनी चौकट काढायला बसलो.
एकेक खिळा पक्कडीने,
दर खिळ्यामागे चिमूटभर वाळवीची माती.
चौकट सुटली. आणि कडेला,
जिथे लाकडाने कॅनव्हास झाकून ठेवला होता
साठेक वर्षं,
तिथे, चारी बाजूंनी, बोटभर,
फुलं विटकरी नव्हती.

राणी रंगाची होती.
करवल्यांच्या साड्यांचा असतो तो,
कपाटातून काढला की ट्यूबलाइट फिकी पडते तो.
उजव्या कडेला तर एक फूल अर्धं आत, अर्धं बाहेर:
आतलं गंजलेलं,
बाहेरचं आत्ताच कुणी हात पुसून उठल्यासारखं.

म्हणजे ती रागावली नव्हती?
की रागही आधी राणी रंगाचाच असतो
आणि मग भिंतीवर टांगून टांगून
धुराने, धुळीने, घरच्यांच्या नजरेने
विटत जातो?

दुसऱ्या दिवशी मी इग्नेशला खोटं सांगितलं.
कॅनव्हास जीर्ण आहे म्हटलं, कापला तर उसवेल.
त्याने फोनवर बायकोला विचारलं,
बायकोने भिंतीला विचारलं असावं, कारण
उत्तर यायला वेळ लागला.
"ठीक आहे. पॅसेजमध्ये लावू."

चौकट केली ती चित्रापासून सुटी,
मध्ये फट ठेवून,
लाकूड कुठे टेकत नाही, काही झाकत नाही.
मेहनत दुप्पट. पैसे साध्या पट्टीचेच घेतले.
आता तो बोटभर रंगही विटेल, माहीत आहे.
पॅसेजला खिडकी आहे का, विचारून घेतलं.
आहे म्हणाला. पश्चिमेला.

न्यायला आला तेव्हा त्याने खूप वेळ पाहिलं,
कडेवरून बोट फिरवलं, काही बोलला नाही.
मग म्हणाला, "अंकल, ती मुंगी तेवढी काढा ना."

मी म्हटलं, राहू दे.
ती एकटीच ते झाड खरं समजून
चढली होती.